खोटी साक्ष दिली, आता खरा अनुभव कुठून आणू?

शरणपूरचा_टेनर:
सगळ्यांना सलाम. खरं नाव टाकत नाही कारण नाशिकची ख्रिस्ती मंडळी एवढीशी, दोन वाक्यांत ओळखतील. वय २८, अंबडला एका कंपनीत क्वालिटीला आहे, घरात तिसऱ्या पिढीचा ख्रिस्ती. बाप्तिस्मा पाळण्यात असताना झाला, दृढीकरण, म्हणजे मोठेपणी स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करायचा विधी, पंधराव्या वर्षी, क्वायरमध्ये गातो, संडे स्कूलची वचनं झोपेतून उठवून विचारलीत तरी सांगीन. आणि देव मला आजवर एकदाही भेटलेला नाही. म्हणजे आहे असं मानतो, पण भेट म्हणतात ती नाही. राहतो शरणपूरला आणि शरण जाणं काय ते माहीत नाही, असा जोक माझा मीच करतो.

आता मुद्दा. गेल्या महिन्यात तरुण संघाच्या रविवारी ज्याची साक्ष होती, म्हणजे ज्याने देवाचा आपला अनुभव सगळ्यांसमोर सांगायचा होता, त्याला सेकंड शिफ्ट लागली आणि आयत्या वेळी माईक माझ्या हातात आला. मी सांगून बसलो की २०२० ला नोकरी गेली तेव्हा गंगापूर धरणावर एकटा बसलो होतो आणि कोणीतरी खांद्यावर हात ठेवला असं वाटलं, मागे बघतो तर कोणीच नाही. नोकरी गेली हे खरं, धरणावर गेलो हे खरं, हाताचं सगळं खोटं. त्या दिवशी मी तिथे एक भाजलेलं कणीस खाल्लं आणि घरी आलो, बस.

चर्चमध्ये लोक रडले. एका मावशींचा मुलगा डायलिसिसवर आहे, त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, तुझ्यावर त्याने हात ठेवलाय, तू माझ्या लेकरासाठी प्रार्थना कर. तेव्हापासून दर रविवारी त्या माझ्याकडे बघतात आणि मी हिम बुकात, म्हणजे गीतांच्या पुस्तकात, तोंड घालतो.

मला विचारायचंय की असा अनुभव खरंच येतो का, आणि येत असेल तर माणसाने नेमकं करायचं काय? प्रार्थना कर वचन वाच हे सोडून सांगा, ते चालूच आहे.

विश्वासवीर_सातपूर:
प्रेज द लॉर्ड भाऊ. तीन दिवस उपवास प्रार्थना कर, पूर्ण सरेंडर कर, आत कुठेतरी कबूल न केलेलं पाप असणार, त्यानेच अडलंय. आमच्या रात्रभराच्या प्रार्थनेला ये, तिथे येऊन रिकाम्या हाताने परत गेलेला मी पाहिलेला नाही.

देवळालीची_सिस्टर:
विश्वासवीर, रिकाम्या हाताने परत गेलेले परत येतच नाहीत, तुम्हाला दिसणार कसे? आणि कबूल न केलेलं पाप तर बिचाऱ्याने वरती सगळ्यांसमोर लिहिलंय की.

बेटा, मी ३४ वर्षं नर्स होते, रिटायर होऊन देवळाली कॅम्पला असते. बायबलमधलं १ राजे १९ काढ, एलीया संदेष्ट्याचा अध्याय. वारा, भूकंप, अग्नी आणि मग देवाची ती शांत मंद वाणी, हे सगळे सांगतात, पण त्याच्या आधीचं कोणी वाचत नाही. एलीया घाबरून पळालाय, झाडाखाली पडून मला मरू दे म्हणतोय, आणि देव त्याला काय देतो? झोपू देतो. मग उठवून निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी देतो, परत झोपू देतो, परत जेवायला उठवतो. दोनदा! वाणी वगैरे त्यानंतर चाळीस दिवसांनी. नाइट ड्यूटीला मला हा अध्याय फार जवळचा वाटायचा, कारण आम्हीही तेच करायचो, उठवा, भरवा, झोपवा.

तुझं ते निखाऱ्यावरचं कणीस वाचून हसू आलं. कणीस म्हणजेच देव होता असं म्हणत नाहीये हं, नाहीतर पुढच्या रविवारी नवी साक्ष तयार करशील.

त्या मावशींना जाऊन खरं सांग. आधी ते.

जेलरोडवरून:
मी कॅथलिक आहे, चालेल ना इथे? फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेला मी दरवर्षी लाइन सांभाळायला असतो. लोक तासन् तास उभे राहतात, कोणी रडत बाहेर येतं, कोणी बाहेर आल्याआल्या चप्पल कुठे गेली म्हणून भांडतं. कोणाला देव भेटला ते चेहऱ्यावरून सांगता येत नाही, मी तर तो नाद सोडला.

मदर तेरेसांची पत्रं २००७ ला छापून आली तेव्हा आमच्यात बऱ्याच जणांना धक्का बसला होता. बाईंनी अनेक दशकं आत नुसता अंधार आणि कोरडेपणा असल्याचं आपल्या फादरांना लिहिलेलं. आणि सकाळी उठून काम चालू. त्यामुळे काही वाटत नाही म्हणजे देव नाही, असं मी तरी म्हणणार नाही.

प्रॅक्टिकल पाहिजे तर संत इग्नेशियसचं बघ, मूळचा स्पेनमधला सैनिक. १५२१ ला तोफगोळ्याने पाय मोडला, अंथरुणात पडून शौर्याची आणि बाईमाणसाची स्वप्नं रंगवायचा, मग हाताशी दुसरं काही नव्हतं म्हणून संतांची चरित्रं वाचली. त्याच्या लक्षात आलं की पहिली स्वप्नं चालू असताना मजा येते पण नंतर कोरडं वाटतं, आणि दुसऱ्या विचारांनंतर आनंद मागे राहतो. एवढंच बारीक निरीक्षण! त्याच्यावरच त्याची पुढची सगळी पद्धत उभी आहे. रात्री दहा मिनिटं दिवस मागे फिरवून बघायचा, कुठे जीव आला, कुठे सुकला, आणि ते देवाला सांगायचं. कंटाळवाणं आहे. मी आठवड्यातून चारदा करतो, बाकी तीनदा झोप लागते.

जलालपूर_फाटा:
मी वारकरी घरातला, चार वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेतला, त्यामुळे जन्मापासून ख्रिस्ती असलेल्याचं दुखणं मला पूर्ण कळणार नाही, तरी लिहितो.

पंडिता रमाबाईंचं वाच. बाप्तिस्मा १८८३ ला इंग्लंडमध्ये, आणि नंतर स्वतःच लिहिलंय की तेव्हा मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नाही. तो आठेक वर्षांनी. एवढी विद्वान बाई हे उघड लिहिते, तर टेनरने एवढं का लाजावं?

आमच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांचंही तसंच. त्यांचे पती कवी ना. वा. टिळक, त्यांना ट्रेनमध्ये भेटलेल्या एका साहेबाने बायबलचा नवा करार दिला, त्यातलं येशूचं डोंगरावरचं प्रवचन वाचलं आणि माणूस हलला, १८९५ ला बाप्तिस्मा. लक्ष्मीबाईंचं १९०० ला, आणि मधल्या काळात त्यांचं सोवळं हळूहळू सुटत गेलं. एकाच घरात दोन तऱ्हा.

माझं म्हणशील तर मला देव त्रास म्हणूनच भेटला. त्याच प्रवचनात, वेदीवर अर्पण घेऊन आलास आणि भावाचं तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं तर अर्पण तिथेच ठेव, आधी समेट कर, असं आहे. चुलत्याशी बांधावरून आमचं बोलणं बंद होतं. पान उलटलं तरी ते वाक्य जाईना, गाडी चालवताना तेच, जेवताना तेच. सात-आठ दिवसांनी चिडून गेलो त्याच्याकडे. त्याने चहा पण नाही दिला. पण परत येताना गाडीवर मी एकटा नाही असं वाटलं, याच्यापुढे मला सांगता येत नाही, वाढवून सांगायला गेलो तर तुझ्यासारखं होईल.

शरणपूरचा_टेनर:
दहा दिवसांनी लिहितोय. सिस्टर, गेलो होतो मावशींकडे.

मला वाटलेलं की जवळ घेतील, माफ केलं म्हणतील, तसलं काही झालं नाही. भयंकर चिडल्या. म्हणाल्या, मी रोज पहाटे तुझा तो हात डोळ्यापुढे आणून प्रार्थना करत होते, आता मी काय डोळ्यापुढे आणू? माझ्याकडे उत्तर नव्हतं. उठलो तर दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, मंगळवार-शुक्रवार डायलिसिस झाल्यावर त्याला चक्कर येते, रिक्षावाले घाई करतात, तुला बाइक आहे का गाडी? गाडी बाबांची आहे. दोन फेऱ्या झाल्या.

अनुभव वगैरे काही नाही. फक्त शुक्रवारी हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये बसलो असताना मी म्हणालो, हे बघ, मला तुझं काहीच समजत नाही आणि मी खोटं बोललोय. नेहमीची चर्चची भाषा तोंडात आलीच नाही. जेलरोडवाल्याच्या हिशोबाने त्या दिवशी जीव आला म्हणायचं की सुकला, ठरवता येत नाहीये. मुलाला कणसाची गोष्ट सांगितली तर तो इतका हसला की खोकला आला.

उद्या मंगळवार, फर्स्ट शिफ्ट आहे, साडेतीनला सुटून थेट जाईन. त्याच्यासाठी शहाळं घेऊन जाऊ का?

देवळालीची_सिस्टर:
शहाळं अजिबात नको! पोटॅशियम असतं त्यात, डायलिसिसवाल्याला चालत नाही. त्याने पाणी किती प्यायचं तेही मावशींना विचारून घे. आणि गाडीत एक उशी ठेव, मान अवघडते अशा पेशंटची.