‘परिवर्तनवादी’, ‘परिवर्तनकारी’ की ‘घडवणारे’ नेतृत्व?

शंका : कर्मचाऱ्यांसाठीच्या प्रशिक्षण-पुस्तिकेचा मराठी मसुदा तपासताना ‘ट्रान्सफॉर्मेशनल लीडरशिप’ला ‘परिवर्तनवादी’, ‘परिवर्तनशील’ आणि ‘परिवर्तनीय’ असे तीन प्रतिशब्द आढळले. यांपैकी कोणता ठेवावा?

उत्तर : माझ्या मते तिन्ही काढावेत. ‘-वादी’ म्हणजे एखादे मत मानणारा किंवा मांडणारा, आणि महाराष्ट्रात ‘परिवर्तनवादी’ म्हटले की समाजपरिवर्तनाची चळवळच डोळ्यांपुढे येते, कचेरीतला विभागप्रमुख नव्हे. ‘परिवर्तनशील’ म्हणजे ज्याचा स्वभावच बदलत राहण्याचा आहे, असे. ‘परिवर्तनीय’ म्हणजे बदलता येण्याजोगे. ज्यांचे पुढे समभागांत रूपांतर करता येते त्या कर्जरोख्यांना तो शब्द शोभतो. इथे परिवर्तन घडवणारा कर्ता अभिप्रेत असल्याने व्याकरणाच्या कसोटीवर ‘परिवर्तनकारी’ तेवढा टिकतो.

तरीही माझे पूर्ण समाधान होत नाही, आणि त्याचे कारण मूळ संकल्पनेत आहे. जेम्स मॅकग्रेगर बर्न्स या अमेरिकी अभ्यासकाने 1978 साली राजकीय नेतृत्वाचे दोन प्रकार सांगितले. पहिला देवघेवीचा, म्हणजे मत द्या नि काम करून घ्या, किंवा कचेरीच्या भाषेत, उद्दिष्ट गाठा नि वेतनवाढ घ्या. दुसऱ्या प्रकारात नेता आणि त्याच्याबरोबरची माणसे एकमेकांना प्रेरणेच्या आणि नीतीच्या वरच्या पायरीवर नेतात. याचे उदाहरण म्हणून त्यांनी गांधीजींकडे बोट दाखवले. बर्न्स यांचा शब्द ‘ट्रान्सफॉर्मिंग’ असा होता. नेतृत्वाचे अमेरिकी अभ्यासक बर्नार्ड बास यांनी 1985 मध्ये ही कल्पना संस्था आणि कामाच्या ठिकाणांकडे वळवताना ‘ट्रान्सफॉर्मेशनल’ हे रूप रूढ केले. बास यांच्या मांडणीत स्वतःच्या आचरणाने आदर्श घालून देणे, प्रेरणा देणे, विचाराला चालना देणे आणि प्रत्येकाकडे व्यक्तिशः लक्ष देणे, असे चार घटक मानले जातात. या चारही घटकांचा रोख नियमावली किंवा यंत्रसामग्री बदलण्यावर नसून माणसावर आहे, हे अनुवादकाने विसरू नये.

म्हणूनच ‘बदल घडवणारे नेतृत्व’ हा सोपा वाटणारा पर्यायही मला पटत नाही. ‘बदल’ हा अरबीतून आलेला शब्द मुळात एकाच्या जागी दुसरे, असा अर्थ घेऊन आला. ‘मोबदला’ त्याच धातूचा आणि गिरण्यांतला ‘बदली कामगार’ त्याच घराण्यातला. म्हणजे ज्या देवघेवीपासून ही कल्पना वेगळी काढायची, तिचाच वास या शब्दाला आहे. ‘कायापालट’ शहराचा किंवा रेल्वेस्थानकाचा होतो. त्यात बाह्य रूपावरच भर असतो.

मराठीत या अर्थाचे अस्सल क्रियापद ‘घडवणे’ हे आहे. माझ्या पहिल्या नोकरीतील विभागप्रमुख आमचे मसुदे स्वतः दुरुस्त न करता, ‘हे वाक्य वाचणाऱ्याला काय कळेल?’ असे विचारून परत देत. त्या निवृत्त झाल्या तेव्हा निरोपसमारंभात जो तो एकच बोलला : ‘बाईंनी आम्हाला घडवलं.’ ‘बाईंनी आमच्यात परिवर्तन केलं’ असे कोणाच्याही तोंडी आले नाही. शिवाय ‘घडवणारे’ हे धातुसाधित विशेषण आहे आणि बर्न्स यांचा मूळ शब्दही त्याच जातीचा आहे.

तेव्हा परिभाषेची एकवाक्यता हवी असेल तिथे ‘परिवर्तनकारी नेतृत्व’ ठेवावे, आणि पहिल्या उल्लेखातच ‘म्हणजे माणसे घडवणारे नेतृत्व’ असा खुलासा जोडावा. त्याच्या जोडीला ‘देवघेवीचे नेतृत्व’ चपखल बसते. ‘फॉलोअर’साठी मात्र कचेरीच्या संदर्भात ‘अनुयायी’ लिहू नये, कारण त्याला पंथाची छटा आहे. ‘सहकारी’ पुरेसा आहे.

जाता जाता लेखनाविषयी : मसुद्यात ‘नेतृत्त्व’ असे दोन त घालून छापले आहे. ‘महत्’ला ‘त्व’ जोडल्यावर ‘महत्त्व’ होते, कारण मूळ शब्दाच्या शेवटी त् आहे. ‘नेतृ’च्या शेवटी तो नाही, म्हणून ‘नेतृत्व’.