एक्सॉन-मोबिलच्या विलीनीकरणाला परवानगी द्यायलाच नको होती

गलबत (धागाकर्ता)
१५ मे १९११ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रॉकफेलरची मक्तेदार तेल कंपनी स्टँडर्ड ऑइल मोडीत काढली. तिच्या ३४ कंपन्या झाल्या. त्यांतल्या सगळ्यांत मोठ्या दोन म्हणजे न्यू जर्सीची, जी पुढे एक्सॉन झाली, आणि न्यूयॉर्कची, जी मोबिल झाली. नोव्हेंबर १९९९ मध्ये नेमक्या याच दोघी पुन्हा एक झाल्या. व्यवहार सुमारे ८१ अब्ज डॉलरचा. त्याच सुमारास ब्रिटनच्या बीपीने अमोको आणि आर्को या अमेरिकी तेल कंपन्या गिळल्या, मग शेव्हरॉन-टेक्साको, मग कोनोको-फिलिप्स.

कारण काय दिलं, तर तेलाचे भाव पडलेत. डिसेंबर १९९८ मध्ये बॅरल ११ डॉलरच्या आसपास होतं हे खरं. पण २००८ मध्ये तेच १४० च्या वर गेलं. मंदी ओसरली, विलीनीकरण मात्र कायमचं राहिलं. मला हा निर्णय आजही चुकीचा वाटतो.

ह्यूस्टनकर
पूर्ण असहमत. १९११ चा निकाल आला तेव्हाच स्टँडर्डची पकड सुटत चालली होती. १९०१ मध्ये टेक्सासात स्पिंडलटॉपला तेलाचा फवारा उडाला आणि त्यातून गल्फ आणि टेक्साको उभ्या राहिल्या, स्टँडर्डच्या कुंपणाबाहेर. शुद्धीकरणातला तिचा वाटा एकेकाळी ९० टक्क्यांच्या घरात होता, तो निकालापर्यंत बराच खाली आला होता. हे बाजाराने केलं. आणि तिच्या भरभराटीच्या काळात रॉकेल महागलं नाही, खूप स्वस्त झालं.

१९९९ ची तुलना १९११ शी करूच नये. १९७० च्या दशकात सौदी, व्हेनेझुएला, इराण यांनी आपापलं तेल ताब्यात घेतलं. आज जगातले बहुतेक साठे सरकारी कंपन्यांकडे आहेत. खोल समुद्रातल्या एकेका प्रकल्पाला अब्जावधी डॉलर लागतात, तिथे लहान कंपनी काय करणार?

गलबत
रॉकेल स्वस्त झालं, पण कोणत्या मार्गाने? १८७२ मध्ये रेल्वे कंपन्यांशी गुप्त बेत ठरला होता : स्टँडर्डच्या गटाला भाड्यात सूट, वर प्रतिस्पर्ध्याने भरलेल्या भाड्यातलाही हिस्सा! बोभाटा झाल्याने बेत अमलात आला नाही, पण त्या धाकाखाली क्लीव्हलँडमधल्या २६ पैकी २२ शुद्धीकरण कारखाने काही आठवड्यांत रॉकफेलरच्या हाती गेले. ज्यांनी विकले त्यांना दुसरा पर्यायच उरला नव्हता. याला मी स्पर्धा म्हणणार नाही.

माहुलवासी
एक मुंबईची नोंद. एक्सॉन आणि मोबिल या दोन कंपन्या १९९९ च्या आधीही एकत्र होत्या, आणि तेही आपल्याकडे. आशियातल्या धंद्यासाठी त्यांनी १९३३ मध्ये स्टॅनव्हॅक ही भागीदारी केली होती. तुर्भ्याचा, म्हणजे आमच्या माहुलचा, १९५४ चा तेलशुद्धीकरण कारखाना स्टॅनव्हॅकचाच. अमेरिकी सरकारच्या मक्तेदारीविरोधी खटल्यामुळे ती भागीदारी १९६२ मध्ये फुटली, भारतातला भाग एसोकडे, म्हणजे पुढे एक्सॉन झालेल्या कंपनीकडे आला, आणि १९७४ मध्ये राष्ट्रीयीकरणानंतर त्यातूनच हिंदुस्थान पेट्रोलियम झाली. १९६२ मध्ये परदेशातली भागीदारीसुद्धा ज्या देशाला खपली नाही, त्यानेच ३७ वर्षांनी आख्ख्या कंपन्या जोडू दिल्या. मी गलबत यांच्या बाजूने.

ह्यूस्टनकर
माहुलवासी, माहिती छान, पण परवानगी फुकट दिली नव्हती. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने २,४३१ पेट्रोल पंप आणि कॅलिफोर्नियातला बेनिशियाचा कारखाना विकायला लावला. एवढी विक्री त्याआधी त्या आयोगाने कुणालाही करायला लावली नव्हती. जिथे दोघींची दुकानं समोरासमोर होती तिथे एक बाहेर गेलं. याहून वेगळं काय करायला हवं होतं?

गलबत
पंप विकून खनिज तेलातली ताकद कमी होत नाही. ती वाढतच गेली : २०२४ मध्ये एक्सॉनमोबिलने सुमारे ६० अब्ज डॉलरला पायोनियर ही कंपनी घेतली, अमेरिकेतल्या पर्मियन या तेलाच्या खोऱ्यातल्या सर्वांत मोठ्या उत्पादकांपैकी एक. २०२५ मध्ये शेव्हरॉनने हेस ही तेल कंपनी घेतली. आणि बेनिशियाचं म्हणाल तर तो कारखाना व्हलेरो या शुद्धीकरण कंपनीने घेतला होता, २०२५ मध्ये तिने तिथलं काम थांबवण्याचा इरादा जाहीर केला. स्पर्धा टिकावी म्हणून वेगळा काढलेला कारखानाच बंद होतोय.

ह्यूस्टनकर
त्याला विलीनीकरण कसं जबाबदार? कॅलिफोर्नियाचे नियम बघा, तिथली घटती मागणी बघा. २५ वर्षं तो कारखाना एक्सॉनच्या हाताबाहेर चालला, माझ्या लेखी आयोगाची अट तेवढ्यासाठीच होती.