लोहगावच्या धावपट्टीशेजारची लाल-पांढरी खोली कुणासाठी असते?

धायरीकर:
नमस्कार मंडळी. दिल्लीच्या विमानात खिडकीची जागा मिळाली होती. लोहगावला धावपट्टीलगतच्या गवतात लाल-पांढऱ्या चौकड्यांची लहान खोली आणि तिच्याजवळ उंच अँटेनाचा खांब दिसला. तळ हवाई दलाचा, टॉवरही त्यांचाच. मग ही यंत्रणा आपल्या प्रवासी विमानांसाठी की सुखोईंसाठी? आणि दोघं एकाच रेडिओवर बोलतात का?

निवृत्त रेडिओ फिटर:
हवाई दलात रेडिओ फिटर होतो, नोकरीचा बराचसा काळ याच यंत्रांपाशी गेला. लोहगावच्या आतलं काही लिहिणार नाही. पण ही यंत्रं जगभर एकाच पद्धतीने चालतात, तेवढं सांगतो.

तुम्ही पाहिलंत ते बहुधा आयएलएसचं, म्हणजे उतरणाऱ्या विमानाला रेडिओ लहरींनी वाट दाखवणाऱ्या यंत्रणेचं, ग्लाइड पाथ. विमान साधारण 3 अंशांच्या उतारावर आहे का, हे ते दाखवतं. धावपट्टीची मधली रेषा दाखवणारा लोकलायझर पलीकडच्या टोकाबाहेर असतो, अँटेनांची आडवी रांग. दोन्हींत 90 आणि 150 हर्ट्झचे दोन सूर सोडलेले असतात. विमानात दोन्ही सारखे पोचले की काटा मधोमध.

ग्लाइड पाथच्या नेहमीच्या प्रकारात अँटेनासमोरची जमीन हा यंत्राचाच भाग असतो. थेट गेलेल्या आणि जमिनीवरून परतलेल्या लहरी मिळून तो उतार तयार होतो. त्यामुळे पावसाळ्यात आमचा जीव गवतात अडकलेला. गवत वाढलं, पाणी साचलं की कोन सरकायला लागतो, आणि मग कापणीवाल्यांना सोबत घेऊन, टॉवरची परवानगी काढून, दोन विमानांच्या मधल्या वेळात तिथे पोचायचं. सिग्नल मर्यादेबाहेर गेला तर त्यावर लक्ष ठेवणारा मॉनिटर आधी राखीव ट्रान्समीटर लावतो आणि तोही बिघडलेला असेल तर सगळं बंद करतो. हे मला फार योग्य वाटतं. चुकीचा काटा दाखवण्यापेक्षा काहीच न दाखवलेलं बरं. दुरुस्ती चालू असताना यंत्राची मोर्समधली ओळखही, म्हणजे त्याच्या नावाची अक्षरं, काढून ठेवतात. ती ऐकू आली नाही, तर पायलटने त्या काट्यावर विश्वास ठेवायचा नाही.

लढाऊ विमानांसाठी टॅकन, म्हणजे दिशा आणि अंतर सांगणारं लष्करी रेडिओ यंत्र. प्रवासी विमानांना दिशा सांगणाऱ्या व्हीओआरला जमिनीवर मोठं वर्तुळाकार जाळं लागतं. टॅकन 1000 मेगाहर्ट्झच्या आसपास चालतं, त्यामुळे अँटेना लहान. ट्रकवर बसते, जहाजावरही बसते. जुन्या टॅकनमध्ये अँटेनाचा आतला भाग मोटरवर सेकंदाला 15 फेरे फिरायचा. जवळ उभं राहिलं की त्याची घरघर ऐकू यायची, आणि बेअरिंग खराब व्हायला लागलं की आम्हाला ते आवाजावरूनच कळायचं. मिग-21 मध्ये रशियन रेडिओ कंपास होता, तो एनडीबीवर, म्हणजे जमिनीवरच्या साध्या रेडिओ बीकनवर, चालायचा. ढग गडगडायला लागले की त्याचा काटा बीकन सोडून विजांकडे वळायचा.

आता बोलण्याचं. प्रवासी विमानं 118 ते 137 मेगाहर्ट्झच्या व्हीएचएफवर. लष्कराकडे शिवाय 225 ते 400 चा यूएचएफ पट्टा. फायटर यूएचएफवर असेल, तर प्रवासी विमानाच्या पायलटला त्याचं बोलणं ऐकूच येत नाही. दोघांचं ऐकणारा माणूस एकच, टॉवरमधला कंट्रोलर. म्हणून तो बरेचदा दोन्हींवर एकदम बोलतो. धावपट्टीवर कोण आहे हे निदान त्याच्या तोंडून तरी दोघांना कळावं. मिश्र तळावरच्या कंट्रोलरचं ओझं प्रवाशांना दिसत नाही. त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे.

वास्कोकर:
आमच्या दाबोळीलाही तसंच. आयएनएस हंसा नौदलाचा तळ, एटीसी, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रण, नौदलाचं. आठवड्यातल्या कामाच्या दिवशी सकाळचे काही तास सरावासाठी राखलेले असत, तेव्हा प्रवासी विमानं नाहीत. काका, विमानातलं सगळंच बंद पडलं, फक्त रेडिओ उरला, तर?

निवृत्त रेडिओ फिटर:
त्यासाठी पीएआर, म्हणजे प्रिसिजन अ‍ॅप्रोच रडार. विमान रेषेच्या डावीकडे की उजवीकडे, उताराच्या वर की खाली, हे सगळं जमिनीवरच्या पडद्यावर दिसतं आणि कंट्रोलर पायलटला बोलून खाली आणतो. शेवटच्या टप्प्यात तो सांगतो, आता उत्तर देऊ नका. मग त्याने बोलायचं थांबायचं नाही. काही सेकंद आवाज तुटला, तर पायलटने विमान वर उचलायचं, एवढं त्या आवाजावर अवलंबून असतं. त्या वेळी रेडिओत खरखर आली, तर जबाबदारी आमची.

धायरीकर:
खूप आभार काका. एक शेवटचं. टॅकन प्रवासी विमानाला काहीच उपयोगाचं नाही का?

निवृत्त रेडिओ फिटर:
आहे की. टॅकनचा अंतर सांगणारा भाग आणि प्रवासी विमानांचं डीएमई एकच. विमान पल्स पाठवतं, जमिनीवरचं यंत्र 50 मायक्रोसेकंद थांबून उत्तर देतं, आणि जाऊन-येऊन लागलेल्या वेळेतून मैल निघतात. दिशा मात्र फायटरलाच मिळते. प्रवासी विमानात टॅकनची दिशा वाचणारा भागच नसतो.