लेनर्ड कोहेन यांची ओळख ‘लाइव्ह इन लंडन’पासून करून द्यावी का?

कर्वेनगरकर
आमच्या कर्वेनगरच्या श्रवणमंडळात आम्ही महिन्यातून एकदा एखाद्या कलावंताचे ध्वनिमुद्रण एकत्र बसून ऐकतो. मंडळी बहुतेक ख्याल आणि भावगीत यांत मुरलेली आहेत. या वेळी कॅनडाचे कवी-गायक लेनर्ड कोहेन यांची ओळख करून द्यायची आहे. माझ्यापुढे दोन पर्याय आहेत : १९६७ सालचा त्यांचा पहिला अल्बम, किंवा १७ जुलै २००८ रोजी लंडनच्या ओटू अरीनामध्ये ध्वनिमुद्रित झालेला ‘लाइव्ह इन लंडन’, ज्यात चाळीस वर्षांतली गाणी एकाच मैफलीत येतात. मात्र हा आवाज ७३ वर्षांच्या माणसाचा आहे. ज्यांनी त्यांचा तरुण स्वर कधी ऐकलेलाच नाही, त्यांना या खर्जातून गाण्यांची खरी कल्पना येईल का? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

मंद्रसप्तक
मैफलीपासूनच सुरुवात करावी, असे माझे ठाम मत आहे. कोहेन यांच्या स्टुडिओतल्या अल्बमांवर त्या त्या काळाचा ठसा फार गडद आहे. १९६७ मध्ये गिटार, तर १९८८ च्या ‘आय’म युअर मॅन’मध्ये सिंथेसायझर, आणि नवा श्रोता अनेकदा त्या वाद्यमेळातच अडकतो. लंडनमध्ये रॉस्को बेक यांच्या संगीत-दिग्दर्शनाखाली एकच वाद्यवृंद सगळी गाणी वाजवतो, त्यामुळे ती सगळी एकाच कवीची असल्याचे प्रथमच स्पष्ट ऐकू येते. गीतरामायण १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झाले तेव्हा त्यातली गीते अनेक गायक-गायिकांनी म्हटली होती. पुढे बाबूजींनी ती मंचावर एकट्याने गायली आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात तेच रूप पक्के बसले. आवाज उतरला म्हणून ‘हॅलेलुया’ उणे झालेले नाही. हे गाणे असलेला १९८४ चा अल्बम त्यांच्या कंपनीने अमेरिकेत काढायलाही नकार दिला होता, आणि ते लोकांपर्यंत पोचले ते प्रामुख्याने इतरांच्या गळ्यातून. लंडनमध्ये ते स्वतः कोहेन यांच्या तोंडून ऐकणे मला फार मोलाचे वाटते.

साधाश्रोता
वरील मताशी मी पूर्ण सहमत नाही. पहिल्या अल्बममधल्या ‘सुझान’ या गाण्याच्या मूळ ध्वनिमुद्रणात गिटारच्या तारांवर बोटे अखंड फिरत राहतात आणि त्यावर आवाज जणू घाबरत पाऊल टाकतो, लंडनच्या रूपात ती हुरहूर शांत झाली आहे. हे शांतपण कुठून आले हे कळायला आधीची अस्वस्थता ऐकलेली असावी लागते. शिवाय श्रोत्यांना थोडी पार्श्वभूमी सांगावीच. कोहेन नव्वदच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या माउंट बाल्डीच्या झेन मठात राहिले, १९९६ मध्ये भिक्षू झाले, आणि मठ सोडल्यावर अद्वैताचे विवेचन करणाऱ्या रमेश बाळसेकरांना ऐकण्यासाठी मुंबईला आले. त्यानंतर आर्थिक फसवणुकीत त्यांची जवळजवळ सारी पुंजी गेली. २००८ चा दौरा सुमारे पंधरा वर्षांच्या खंडानंतरचा होता. ही सगळी वर्षे त्या आवाजात आहेत. म्हणून दोन्ही ‘सुझान’ एकापाठोपाठ एक लावाव्यात, आधी जुनी.

तंतकार
ख्याल ऐकणाऱ्या मंडळींसाठी ‘हू बाय फायर’ निवडा. गाण्याआधी स्पेनचे हावियेर मास एकटेच ल्यूटच्या (युरोपातल्या एका जुन्या तंतुवाद्याच्या) घराण्यातले वाद्य वाजवतात. लयीचे बंधन नसलेले ते वादन एकेका स्वरावर थांबत, त्याला हलवून पाहत पुढे सरकते आणि मग सम सापडावी तसे गाणे सुरू होते. कोणाला काही समजावून सांगण्याची गरज पडणार नाही. १९७४ च्या या गाण्याचा पाया एका जुन्या हिब्रू प्रार्थनेत आहे, येत्या वर्षी कोण कशाने मरेल याची यादी करणाऱ्या. तेवढे मात्र आधी सांगावे. शक्य असल्यास चित्रफीतही दाखवा, कारण सहकारी वाजवत असताना कोहेन टोपी काढून, मान झुकवून उभे राहतात, आणि हे आपल्या बैठकीतल्या लोकांना लगेच ओळखीचे वाटेल.

कर्वेनगरकर
सर्वांचे मनःपूर्वक आभार. सुरुवात हावियेर मास यांच्या वादनाने करतो, त्यानंतर १९६७ ची आणि लंडनची ‘सुझान’ लागोपाठ लावतो. ‘हॅलेलुया’ मध्यंतरानंतर ठेवतो. गीतांचे शब्द छापून सर्वांच्या हाती देणार आहे, पण ते गाणे एकदा ऐकून झाल्यावरच.