ऊस तोडायला त्रिनिदादला गेलेल्या माणसांविषयी माहिती हवी आहे

कराडची शिक्षिका

नमस्कार मंडळी. मी कराडजवळच्या एका शाळेत सातवीला भूगोल शिकवते. गाळप हंगामात मराठवाड्यातून ऊसतोड टोळ्या आल्या की त्यांची काही मुले चार-पाच महिने आमच्या वर्गात बसतात. गेल्या आठवड्यात त्यांपैकी एका मुलीने विचारले, "बाई, ऊस तोडायला आमच्यापेक्षा लांब कोण जातं का?" मी मॉरिशस आणि फिजीची नावे सांगितली, पण घरी येऊन वाचू लागले तेव्हा त्याहूनही दूरचा एक देश समोर आला, तो म्हणजे कॅरिबियन समुद्राच्या दक्षिण टोकाचा त्रिनिदाद आणि टोबॅगो. या दोन बेटांचे मिळून क्षेत्रफळ सुमारे 5,130 चौरस किलोमीटर आहे, म्हणजे आपल्या सातारा जिल्ह्याच्या जेमतेम निम्मे. व्हेनेझुएलाचा किनारा तिथून अवघ्या 11 किलोमीटरवर आहे आणि 2011 च्या जनगणनेनुसार तिथल्या तेरा लाखांवर लोकसंख्येत 35 टक्क्यांहून अधिक लोक भारतीय वंशाचे आहेत.

मला दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. तिकडे गेलेल्यांत आपल्या कृष्णाकाठची माणसे होती का? आणि सरकारी ऊस कंपनी 2003 साली बंद झाल्यावर त्या देशाच्या जगण्यात उसाचे काय उरले? वर्गात सांगायचे असल्यामुळे खात्रीचे तेवढेच हवे आहे.

मिरजेचा इतिहासवाचक

ताई, प्रश्न त्या मुलीचा आहे हे वाचून फार बरे वाटले, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतांशी नकारार्थी आहे. त्रिनिदादची जहाजे मुख्यतः कलकत्त्याहून आणि काही प्रमाणात मद्रासहून सुटत, त्यामुळे गेलेली बहुसंख्य माणसे भोजपुरी मुलखातली, म्हणजे आजच्या पूर्व उत्तर प्रदेशातली आणि बिहारमधली होती. मराठी माणसे मुंबई बंदरातून मॉरिशसला गेली, म्हणून मराठी समाज आजही तिथे आहे, त्रिनिदादमध्ये नाही. नकाशा मोठा करून मुलांना दाखवता आला तर त्रिनिदादच्या दक्षिण भागात फैजाबाद आणि बराकपूर ही गावे शोधायला सांगा. माणसे कुठून आली हे त्या नावांवरूनच मुलांच्या लक्षात येईल.

हे सगळे घडले कसे, ते थोडक्यात असे. कोलंबस 31 जुलै 1498 रोजी या बेटापाशी पोहोचला. पुढे जवळजवळ तीनशे वर्षे बेट स्पेनकडे होते, तरी वस्ती तुरळकच राहिली. 1783 साली स्पेनने कॅथलिक परदेशी मळेवाल्यांना जमिनी देऊ केल्या, तेव्हा फ्रेंच मळेवाले आफ्रिकी गुलामांसह आले, आणि 1797 मध्ये इंग्रजांनी बेट घेतले. 1838 च्या 1 ऑगस्टला गुलामगिरीचा उरलासुरला बंध तुटला. मुक्त झालेल्या अनेकांनी मळ्यांकडे पाठ फिरवली, त्यामुळे मळेवाल्यांना स्वस्त हातांची गरज भासली. 'फातेल रझाक' हे पहिले जहाज सव्वादोनशेच्या आसपास भारतीयांना घेऊन 30 मे 1845 रोजी त्रिनिदादला लागले. कलकत्त्याहून तिथे पोहोचायला त्याला शंभराहून अधिक दिवस लागले होते. 1917 पर्यंत 1 लाख 40 हजारांहून अधिक माणसे अशीच गेली आणि त्यांतली बहुतेक परत आली नाहीत.

इथे एक गोष्ट काळजीपूर्वक सांगायला हवी. आपल्या ऊसतोडणीत मुकादम आहे, उचल म्हणजे आगाऊ दिलेली रक्कम आहे, आणि उचल फिटेपर्यंत माणूस अडकून राहतो हे आपण पाहतो. त्रिनिदादच्या मळ्यांवर मुकादमाच्या जागी 'सरदार' असे, आणि तो बहुधा मजुरांमधलाच एक असे. परंतु करार पाच वर्षांचा होता आणि तो मोडणे हा फौजदारी गुन्हा होता. पासाशिवाय मळ्याबाहेर सापडलेल्या माणसाला तुरुंगात टाकता येत असे. ही दोन दुःखे एकमेकांशेजारी ठेवून मुलांना जरूर दाखवावीत, पण ती एकच आहेत असे सांगू नये.

आपल्या माणसांचा संबंध दुसऱ्या बाजूने येतो. ही पद्धत बंद व्हावी म्हणून मार्च 1912 मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात ठराव मांडला तो गोपाळ कृष्ण गोखल्यांनी. सरकारी सभासदांच्या बहुमतापुढे तो फेटाळला गेला, तरी पाच वर्षांनी भरती थांबली, आणि त्यामागे त्यांनी सुरू केलेल्या लढ्याचा मोठा वाटा होता. मराठी वर्गात ही गोष्ट सांगितलीच पाहिजे असे मला मनापासून वाटते.

वाईचा जुना जहाजी

मी जहाजावर इंजिनियर होतो आणि पॉइंट लिसास या त्रिनिदादच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरात दोनदा गेलो आहे. आम्ही तिथून मेथॅनॉल भरत असू, कारण त्या देशाचा संसार आज खनिज तेल आणि नैसर्गिक वायूवर चालतो. बंदर ज्या कोवा भागात आहे, तो एके काळचा ऊसपट्टा. गाडीतून जाताना मला पहिल्यांदा दिसल्या त्या झेंड्या. घराघराच्या अंगणात उंच बांबू रोवलेले, त्यांवर लाल, पिवळी, पांढरी फडकी, काही नवी आणि काही उन्हापावसाने विटून चिंध्या झालेली. पूजा झाली की झेंडी उभारतात, लाल म्हणजे हनुमानाची, असे टॅक्सीवाल्याने सांगितले. त्याला हिंदी येत नव्हते, पण आजा, आजी, नाना, नानी हे शब्द तो आपल्यासारखेच वापरत होता.

बंदराच्या फाटकाशी 'डबल्स' खाल्ले. हळद घातलेल्या मऊ पिठाच्या, तळलेल्या दोन चकत्या, त्यांना तिथे 'बारा' म्हणतात, आणि मध्ये रसदार छोले, वरून चिंचेची चटणी व मिरचीचा ठेचा. कागदात गुंडाळून देतात आणि उभ्यानेच खातात. दालपुरी मात्र मला जास्त आवडली, कारण पोळीच्या पोटात वाटलेल्या डाळीचे सारण पाहून आपल्या पुरणपोळीची आठवण झाली, जरी तिथे ती तिखटामिठाची असते आणि डाळ वाटाण्याची.

जवळच वॉटरलू गावी समुद्रात एक देऊळ आहे. शिवदास साधू या मळ्यावरच्या मजुराने आधी किनाऱ्यावर देऊळ बांधले होते, पण ती जमीन ऊस कंपनीची निघाली. देऊळ पाडायला त्याने नकार दिला म्हणून त्याला तुरुंगवास झाला आणि देऊळही पाडले गेले. तेव्हा समुद्रावर कुणाची मालकी नाही असे म्हणून त्याने सायकलवरून दगड-माती नेऊन, ओहोटी साधून, सुमारे पंचवीस वर्षे पाण्यात भर घातली आणि त्यावर देऊळ उभारले. मी तिथे उभा होतो तेव्हा ओहोटी होती आणि चिखलात खेकडे फिरत होते. एका माणसाने बादलीने भरलेली ती वाट पायाखाली असताना मला बोलवेना.

कडेगावकर वाचक

वरच्या दोन्ही उत्तरांत मोहरमचा उल्लेख राहिला, तो आमच्या गावाच्या माणसाने करायलाच हवा. आमच्या कडेगावात उंच ताबूत उभे राहतात, त्यांच्या भेटी होतात, आणि त्या मिरवणुकीत हिंदू-मुसलमान दोघांचेही मान आहेत. त्रिनिदादमध्ये या सणाला 'होसे' म्हणतात, आणि तिथेही बांबू व रंगीत कागदांचे ताजिये ताशांच्या गजरात निघतात. सेंट जेम्स येथे हसन आणि हुसेन यांचे हिरवा आणि लाल असे चंद्राच्या आकाराचे दोन भव्य देखावे माणसे खांद्यावर पेलून नाचवतात आणि त्यांची गळाभेट घडवतात. हे वाचले तेव्हा मला आमच्या भेटींचाच क्षण आठवला.

या सणाला रक्ताची किनारही आहे. 30 ऑक्टोबर 1884 रोजी सॅन फर्नांडो शहरात मिरवणुका नेण्यास सरकारने मनाई केली होती. मळ्यांवरचे मजूर तरीही ताजिये घेऊन निघाले, आणि पोलिसांच्या गोळीबारात किमान 16 माणसे मेली व शंभराच्या आसपास जखमी झाली. मेलेल्यांत हिंदू मजूरही होते.

तिथला ताशा आजही लग्नात वाजतो. मातीच्या भांड्यावर चामडे ताणलेले असते, वाजवण्यापूर्वी ते शेकोटीवर तापवून सूर चढवतात, आणि साथीला मोठा ढोल व झांज असते. आमच्याकडच्या ताशेवाल्याला यातले काहीच नवे वाटणार नाही.

मिरजेचा इतिहासवाचक

कडेगावकरांनी वाद्यांचा विषय काढला म्हणून ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. उसाचे काय उरले याचे सर्वांत ठळक उदाहरण भारतीयांकडे नसून आफ्रिकी वंशाच्या लोकांकडे आहे. तिथल्या कार्निव्हलचे मूळ 'कानबुले' या विधीत सांगतात, आणि हा शब्द 'जळालेला ऊस' अशा अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून आला आहे. मळ्याला आग लागली की गुलामांना रात्री हाकारून जळीत ऊस तोडायला नेत. मुक्तीनंतर त्याच लोकांनी मशाली आणि ढोल घेऊन त्या रात्रीची मिरवणूक काढायला सुरुवात केली. 1881 साली त्यावरून पोलिसांशी मोठी झटापट झाली आणि लवकरच ढोलांवर बंधने आली. मग लोकांनी बांबू जमिनीवर आपटून ताल धरला, पुढे बिस्किटांचे डबे आणि लोखंडी सामान वाजवले, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास तेलाच्या पिंपांची झाकणे ठोकून त्यांत स्वर बसवले. आज जगभर वाजणारा स्टीलपॅन तो हाच, आणि 1992 पासून तो त्या देशाचे राष्ट्रीय वाद्य आहे. आपल्या भागात जळीत उसाची भरपाई, साखरेचा उतारा आणि तोडीची घाई यांपलीकडे कुणी पाहत नाही, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

राजकारणातही ऊस उरला. 1995 साली पंतप्रधान झालेले बासदेव पांडे हे साखर कामगारांच्या संघटनेचे पुढारी होते, आणि त्या पदावर पोहोचलेले ते भारतीय वंशाचे पहिले गृहस्थ.

सांगलीचा क्रिकेटप्रेमी

थोडीशी भर. भारतीय संघ 1953 साली पहिल्यांदा वेस्ट इंडीजमध्ये कसोटी खेळला तो त्रिनिदादच्या पोर्ट ऑफ स्पेनमध्ये, आणि कर्णधार होते सांगलीत जन्मलेले विजय हजारे. त्या मालिकेत 27 बळी घेणारे सुभाष गुप्ते पुढे त्रिनिदादलाच स्थायिक झाले. भारताने वेस्ट इंडीजविरुद्धचा पहिला कसोटी विजयही 1971 मध्ये त्याच मैदानावर मिळवला. मजूर म्हणून आपली माणसे गेली नसली, तरी नकाशावर एक रेघ सांगलीतूनही ओढता येईल.

कराडची शिक्षिका

सर्वांचे मनापासून आभार. सोमवारी जगाचा नकाशा घेऊन कलकत्ता ते पोर्ट ऑफ स्पेन असा दोरा लावणार आहे, आणि शेजारी बीड ते कराड असा दुसरा. त्या मुलीच्या हातात पहिला दोरा देईन. तिची टोळी पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की परत जाईल, त्यामुळे माझ्याकडे अजून तीनच आठवडे आहेत. कडेगावकरांनी ताशा तापवतानाची एखादी ध्वनिफीत इथे दिली तर ती वर्गात ऐकवीन.