अनुभव धागा: वणव्याचे दिवस, आपल्या मराठवाड्यातले

होळी झाली की आमच्या पाटोद्याच्या डोंगराला रात्री लाल माळा दिसायला लागतात. दरसाल. उन्हाळ्यात मराठवाड्याची बातमी म्हणजे टँकर, चारा छावणी आणि धरणाची पातळी. जळत्या डोंगराला चार ओळीही मिळत नाहीत. आपल्याकडं जंगल आधीच थोडं. कन्नडचं गौताळा, येडशीचा रामलिंग घाट, नायगावचं मयूर अभयारण्य, किनवटचा सागाचा पट्टा अशी काही नावं सोडली तर बहुतेक माळ, गायरान आणि झुडपी डोंगर. हे थोडकंही दर उन्हाळ्यात जळतं, आणि ते बघून जिवाला लागतं, म्हणून हा धागा काढला.

तुमच्या शिवारात वणवा कसा लागतो, कोण विझवतं, नंतर त्या जागी काय उगवतं, ते लिहा. ऐकीव नको, डोळ्यांनी बघितलेलं लिहा. आग कुणी लावली त्याचं नाव मात्र इथं नको.

बालाघाटातून, गावातल्या पोरांबरोबर वणवा विझवायला जाणारा

दुपारी वणव्याच्या अंगावर जाऊ नका, हे आधी सांगतो. उन्हं चढली की वारा खालून वर वाहतो आणि आग चढाला लागली की माणसापेक्षा जोरात पळते. आगीच्या वरच्या अंगाला चुकूनही थांबायचं नाही. आम्ही शक्यतो दिवस मावळल्यावर निघतो. वारा पडलेला असतो, गवतातली ज्वाळा गुडघ्यापर्यंत खाली आलेली असते.

हत्यार म्हणजे निरगुडीची नाहीतर कडुनिंबाची ओली फांदी. नवीन पोरगं ती जोरात आपटतं. आपटली की ठिणग्या उडतात आणि पाठीमागं दुसरीकडं पेटतं. फांदी आगीवर दाबायची आणि जळून गेलेल्या बाजूला ओढायची. पायही शक्यतो जळलेल्या काळ्या जमिनीवरच ठेवायचे, म्हणजे वारा फिरला तरी आपल्या पायाखाली जळायला काही उरलेलं नसतं. अंगात सुती कपडा पाहिजे, नायलॉनचा टी-शर्ट वितळून कातड्याला चिकटतो. स्लीपर घालून येणाऱ्याला आम्ही घरी पाठवतो.

खरं काम ज्वाळा विझल्यावर असतं. माळावर जनावरांचं वाळलेलं शेण पडलेलं असतं, त्याच्या आत निखारा तासन्‌तास जिवंत राहतो. बाभळीचं वठलेलं खोड तर बाहेरून नुसतं काळं दिसतं आणि आत रात्रभर धुमसतं. सकाळी वारा सुटला की तिथूनच परत सुरू. म्हणून आम्ही कडंकडंनं चालत प्रत्येक धुरकट जागा काठीनं उकरतो, माती लोटतो. आळशी माणसाचं हे काम नाही. ह्याच फेरीत टिटवीची अंडी दिसतात. मार्चपासून ती उघड्या माळावर अंडी घालते. वरून आग गेलेली ती अंडी हातात घेतली की कवच तडकतं. टिटवी मात्र डोक्यावर ओरडत फिरतच असते.

कन्नडकडून, जंगलात मजुरी केलेला

लोकांना वाटतं वनखात्याचं काम आग लागल्यावर सुरू होतं. आमचं काम हिवाळ्यातच सुरू व्हायचं. जाळरेषा म्हणजे जंगलात आखलेला पट्टा. त्यातलं गवत कापून तिथंच वाळवायचं आणि पहाटेच्या दवात, माणसं उभी करून, सावकाश जाळून टाकायचं. पुढं खरा वणवा आला की त्या पट्ट्यापाशी त्याला खायला काही मिळत नाही. आगीचा हंगाम 15 फेब्रुवारी ते 15 जून धरतात, त्याच्या आत रेषा झाल्या पाहिजेत. मजुरी उशिरा मंजूर झाली की रेषा उशिरा होते, आणि उशिरा काढलेली रेषाच कधीकधी आग लावते.

आता उपग्रहावरून आग दिसली की भारतीय वन सर्वेक्षणाचा मेसेज येतो. सोय चांगली आहे. पण उपग्रह वरून जाईल तेव्हाच दिसणार, आणि बारकी आग दिसेलच असं नाही. आम्हाला त्याच्या आधी गुराख्याचा फोन यायचा. वनविभागाचा 1926 नंबर मोबाइलमध्ये ठेवा. फोनवर नुसतं ‘डोंगर पेटलाय’ सांगू नका. कोणत्या गावाचा शिवार, जवळ कोणता पाझर तलाव किंवा देऊळ, वारा कुठल्या बाजूला, गाडी कुठपर्यंत येते, एवढं सांगितलं तर तास वाचतो.

भूम-परंड्याकडचा मेंढपाळ

सगळे आमच्याकडं बोट दाखवतेत, म्हणून लिहायलो. गवत पेटवलं की हिरवा फुटवा लवकर येतो, हे खोटं नाही. मे महिन्यात मेंढरांना दाताखाली धरायला काही नसतं, तेव्हा जळलेल्या माळावर बोटभर हिरवं आलेलं दिसतं. माणूस पेटवतो तो त्या फुटव्यासाठी.

पण आजोबाच्या टायमाला ज्या माळावर मारवेल, म्हणजे चाऱ्याचं चांगलं गवत होतं, तिथं आता नुसतं कुसळाचं गवत आहे. कुसळाचं बी बघितलंय का जवळून? पुढं सुईसारखं टोक, मागं काळी पिळाची शेपटी. ओल लागली की पीळ सुटतो, वाळलं की परत बसतो, असं फिरत फिरत बी मातीत शिरतं. आग वरून निघून जाते, ते खाली शाबूत. दरसाल जाळलं तर राहणार कुसळच. मग तेच कुसळ मेंढराच्या लोकरीतून कातड्यात घुसतं, तोंडात रुततं, कोकराच्या डोळ्यात जातं. संध्याकाळी बसून एकेक काढावं लागतं. म्हणजे आम्ही जे पेटवतो त्याचा त्रास आमच्याच जितराबाला. मी घरात पोरांना हेच सांगतो. पण पेटवू नका म्हणणाऱ्यांनी मे महिन्यात मेंढरं कुठं न्यायची तेही सांगावं.

धागाकर्ता: हा प्रश्न रास्त आहे. दिवाळीनंतर गवत कापून न्यायची मुभा जिथं वन समितीमार्फत गावाला मिळते, तिथं चाराही साठतो आणि डोंगरावर जळायलाही फार उरत नाही. माझ्या मते पहारा वाढवण्याआधी हे करायला पाहिजे.

परळीकडून, ऊस उत्पादक

वणवा डोंगरातच लागतो असं नाही. 2022 च्या उन्हाळ्यात मराठवाड्यातला ऊस मे उजाडला तरी रानात उभा होता, पाचट कडकडीत वाळलेलं. वरून तारा लोंबलेल्या, दुपारच्या वाऱ्यात एकमेकींना घासल्या आणि ठिणगी पडली. तारा ओढून घ्या म्हणून अर्ज आधीच दिलेला होता. जळीत ऊस म्हणून भाव कापला गेला तो वेगळा.

औसा तालुक्यातून, शेतकरी बाई

आमच्याकडं जंगल नाही. शेजारच्या रानात बांध पेटवला होता, वारं आलं आणि ज्वारीच्या कडब्याच्या बनमीला, म्हणजे रचलेल्या गंजीला लागलं. वर्षाची वैरण डोळ्यासमोर गेली. गोठ्याकडं धग आली तेव्हा मी विळ्यानं दावी कापून जनावरं मोकळी केली. ओढ लागलेल्या जनावराच्या दाव्याची गाठ सुटत नसते, आवळते. गोठ्याच्या मेढीला, म्हणजे खांबाला, एक धारेचा विळा कायम अडकवून ठेवा. आता एका मोठ्या बनमीऐवजी दोन बारक्या रचतो, लांब लांब, आणि भोवती नांगरून काळी माती उघडी ठेवतो.

किनवटहून

आमच्याकडं मार्च-एप्रिलात मोहफुलं पहाटे गळतात. खाली पाचोळा असला की फुलं वेचता येत नाहीत, म्हणून लोक झाडाखालचा पाचोळा पेटवतात. शेजारी सागाची वाळकी पानं, की चालली आग पुढं. आमच्या पाड्यावर आता बायका झाडाखाली जुनी लुगडी अंथरतात. फुलं स्वच्छ मिळतात, माती लागत नाही, व्यापारीही जास्त दर देतो. ज्यांच्याकडं लुगडी नाहीत त्या खराट्यानं पाचोळा झाडून बुंध्यापासून लांब ओढतात. त्याला वेळ लागतो, पण घरातल्या सगळ्यांनी हात लावला तर उजाडायच्या आत एक झाड होतं. ज्या गावांत अजून पेटवतात तिथल्या बायकांना हे बघायला बोलवायचंय. कुणाला यायचं असेल तर मोह गळायला लागायच्या आधी कळवा.