शब्दचर्चा: जनुकीय, आनुवंशिक, जन्मजात (रक्तवाहिन्यांच्या विकृतींसंदर्भात)

वेलांटी: रुग्णांसाठीच्या माहितीपत्रकातलं वाक्य असं आहे: ‘पोर्ट-वाइन स्टेन हा आनुवंशिक उत्परिवर्तनामुळे होणारा जन्मजात आजार आहे.’ (पोर्ट-वाइन स्टेन म्हणजे त्वचेवरचा लालसर-जांभळा डाग.) मूळ मजकुरात ‘जेनेटिक’ आहे. त्याला ‘आनुवंशिक’ चालेल का? आणि ‘म्युटेशन’ला उत्परिवर्तन बरं, की जनुकबदल?

पेशीपुराण: नाही चालणार. इथे तो शब्द नुसता सैल नाही, चूक आहे.

जनुकीय म्हणजे जनुकाशी संबंधित, एवढंच. आनुवंशिक म्हणजे पिढीकडून पिढीकडे जाणारं. जन्मजात म्हणजे जन्माच्या वेळी असलेलं, मग कारण काहीही असो, गर्भावस्थेतला संसर्गसुद्धा.

पोर्ट-वाइन स्टेनच्या मुळाशी बहुधा जीएनएक्यू या जनुकातला बदल असतो. त्या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनात १८३व्या जागी आर्जिनिन या अमिनो आम्लाऐवजी ग्लुटामिन येतं. हे २०१३मध्ये उजेडात आलं. हा बदल आईवडिलांकडून येत नाही. गर्भ वाढत असताना एखाद्या पेशीत तो घडतो आणि त्या पेशीपासून पुढे झालेल्या पेशींतच राहतो. म्हणून डाग शरीराच्या एखाद्याच भागावर असतो. थोडक्यात हा डाग जनुकीय आहे, जन्मजात आहे, पण आनुवंशिक नाही. ‘आनुवंशिक’ वाचलं की घरात पहिला प्रश्न येतो, ‘कोणाच्या बाजूने?’ दुसरा येतो, ‘पुढच्या बाळाला होईल का?’ दोन्ही प्रश्न त्या एका विशेषणाने उभे केलेले.

याच्या अगदी उलट उदाहरण एचएचटीचं (रक्तवाहिन्यांच्या दोषामुळे वारंवार रक्तस्राव होणारा आनुवंशिक आजार). यात बहुधा एंडोग्लिन किंवा एसीव्हीआरएल१ या जनुकात बदल असतो आणि तो प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता ५० टक्के. पण नवजात बाळाकडे पाहून सहसा काही कळत नाही. नाकातून वारंवार रक्त येणं बालपणी किंवा किशोरवयात सुरू होतं, ओठांवरचे-बोटांवरचे लाल ठिपके बहुधा त्यानंतर. म्हणजे बदल जन्मापासून, लक्षणं मागाहून. तिथे ‘जन्मजात’ लिहिलं तर वाचणारा म्हणेल, ‘मग जन्मतःच दिसलं कसं नाही?’

काना-मात्रा: या गोंधळाचं मूळ शास्त्राच्या नावात आहे. ‘जेनेटिक्स’ला आपण ‘आनुवंशिकी’ म्हटलं, म्हणून ‘जेनेटिक’ दिसलं की हात आपोआप ‘आनुवंशिक’कडे जातो.

शुद्धलेखनाचं सांगायचं तर ‘आनुवंशिक’मध्ये सुरुवातीला ‘आ’च. अनुवंश + इक, आद्य स्वराची वृद्धी, समाज-सामाजिक तसंच. ‘अनुवंशिक’ सर्रास छापलं जातं, तरी चूक ती चूक. उत्परिवर्तन नपुंसकलिंगी: ते उत्परिवर्तन, ती उत्परिवर्तने. माहितीपत्रकात पहिल्यांदा ‘जनुकातला बदल (उत्परिवर्तन)’ लिहून पुढे साधं ‘बदल’ ठेवलं तर वाचणारा अडखळणार नाही.

वेलांटी: मग तपासणी अहवालातल्या ‘व्हेरियंट’लाही उत्परिवर्तनच म्हणावं का?

पेशीपुराण: नको. २०१५च्या मार्गदर्शक सूचनांपासून प्रयोगशाळा पाच पायऱ्या वापरतात: रोगकारक, बहुधा रोगकारक, अर्थ अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी, निरुपद्रवी. या पाचही ठिकाणी ‘उत्परिवर्तन’ घातलं, तर निरुपद्रवी भेद असलेला माणूसही धास्तावेल. ‘जनुकीय भेद’ म्हणा आणि पायरीचं नाव कधीच गाळू नका.

याहून मोठा घोळ ‘नॉट डिटेक्टेड’चा. त्याचं भाषांतर ‘उत्परिवर्तन नाही’ असं होतं. खरं भाषांतर ‘या नमुन्यात आढळले नाही.’ समजा, डागाच्या त्वचेतल्या १० टक्के पेशींत बदल आहे. प्रत्येक पेशीत जनुकाच्या दोन प्रती, बदल त्यातल्या एकीत. म्हणजे प्रतींचं प्रमाण ५ टक्के. जनुकाच्या त्या जागेचा क्रम यंत्राने एक हजार वेळा वाचला तर सुमारे ५० वाचनांत तो दिसेल. जनुकक्रम वाचण्याच्या जुन्या सँगर पद्धतीला साधारण १५-२० टक्क्यांच्या खालचं धड दिसत नाही, ते निसटतं. आणि नमुना रक्ताचा असेल तर खोल (म्हणजे हजारो वेळा केलेल्या) वाचनातही बहुधा काहीच मिळत नाही, कारण बदल रक्तपेशींत नसतोच. म्हणून नमुना कशाचा (रक्त की बाधित ऊती) हे त्याच वाक्यात यायला हवं.

काना-मात्रा: ‘सोमॅटिक’ला परिभाषेत ‘कायिक’ आहे. चांगला शब्द, पण एकटा सोडला तर कळत नाही. ‘कायिक, म्हणजे शरीराच्या काही पेशींपुरता’ असं लिहावं.

पेशीपुराण: बरोबर, आणि कायिक व आनुवंशिक हे नेहमी परस्परविरोधी नसतात. मेंदूतल्या कॅव्हर्नस विकृतींच्या (पातळ भिंतीच्या फुगलेल्या रक्तवाहिन्यांच्या पुंजक्यांच्या) कौटुंबिक प्रकारात केआरआयटी१, सीसीएम२ किंवा पीडीसीडी१० यांपैकी एका जनुकाची एक प्रत वंशाने बिघडलेली येते, आणि दुसरी प्रत रक्तवाहिनीच्या एखाद्या पेशीत नंतर बिघडते. पहिला घाव आनुवंशिक, दुसरा कायिक.

वेलांटी: ‘माल्फॉर्मेशन’साठी त्याच पत्रकात कुठे ‘गाठ’ आहे, कुठे ‘नसांची विकृती’.

पेशीपुराण: दोन्ही काढा. ‘नस’ मराठीत मज्जातंतूलाही म्हणतात आणि रक्तवाहिनीलाही. रोहिणी, नीला, केशवाहिनी हे शाळेपासूनचे शब्द आहेत, ते वापरा. एव्हीएमला (आर्टेरिओव्हेनस माल्फॉर्मेशन) ‘रोहिणी-नीला विकृती’ म्हटलं की दोष नावातच कळतो: मधल्या केशवाहिन्या गायब, रोहिणीचं जोरकस रक्त थेट नीलेत.

‘गाठ’ हिमँजिओमाला शोभेल. म्युलिकेन आणि ग्लोवाकी यांनी १९८२मध्ये हिमँजिओमा आणि विकृती यांतला हाच फरक मांडला. हिमँजिओमात पेशी झपाट्याने वाढतात. तो बहुतेक वेळा जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत दिसू लागतो, काही महिने फुगतो आणि मग काही वर्षांत ओसरतो. विकृतीत वाहिनीची घडणच चुकलेली असते. ती बाळाबरोबर वाढते आणि आपोआप जिरत नाही. दोन्हींना ‘गाठ’ म्हटलं तर ‘मोठेपणी जाईल’ हा दिलासा चुकीच्या घरी पोचतो.

काना-मात्रा: ‘विकृती’ला बोलीत मनाच्या रोगाचा वास आहे. शीर्षकात ठेवा, मजकुरात ‘रक्तवाहिन्यांची सदोष घडण’.

वेलांटी: तर मग: ‘पोर्ट-वाइन स्टेन हा जन्मजात डाग आहे. गर्भावस्थेत त्वचेच्या काही पेशींत झालेल्या जनुकबदलामुळे तो होतो. तो आनुवंशिक नाही.’

पेशीपुराण: ‘त्वचेच्या’ काढा, बदल मुख्यतः केशवाहिन्यांच्या अस्तरपेशींत असतो. आणि ‘तो आनुवंशिक नाही’च्या जागी ‘तो सहसा आनुवंशिक नसतो’ करा. आरएएसए१ जनुकाच्या बदलातही तसेच दिसणारे डाग येतात, सहसा लहान आणि अनेक, आणि ते घराण्यात चालतात.